रेजिनामावशीची पाळी

दयारामला मी मारलं होतं, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. तो स्वतःच सांगत फिरतो. दयाराम माझा धाकटा भाऊ. दिल्लीत मंत्री आहे, तोही लष्कराच्या खात्यात, आणि कारगिलची लढाई सुरू झाल्यापासून टीव्ही लावला की हाच समोर. त्या लढाईत माझा नातू स्वरूप वर डोंगरात आहे. आता बोला!

तो एका दिवसासाठी वसईला सभेला येणार म्हटल्यावर माझी सून विनिता माझ्यासमोर येऊन बसली. माझा मुलगा गेला तेव्हापासून नायगावच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच, आणि आमच्या दोघींत मिळून एक स्वरूप. ती धड जेवत नव्हती. टीव्हीवर शहिदांची नावं वाचायला लागले की पदराचं टोक दातात धरून बसायची.

"आई, मामांनी एक फोन केला तर पोर खाली येईल," ती म्हणाली. "तुमचं ते ऐकतात. बोलणार की नाही तेवढं सांगा."

"बोलणार तर! नाही ऐकलं तर पुन्हा एक ठेवून देईन," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, बोलायची माझीही इच्छा होती. विनितापेक्षा कणभर जास्तच.

सभेत मला पहिल्या रांगेत बसवलं. दयाराम उभा राहिला आणि झालं, त्याने तीच गोष्ट काढली. वडील गेले तेव्हा तो लहान होता. वसईजवळ गिरीजला आमची केळीची वाडी. विहीर एक आणि वाड्या चार, म्हणून ज्याची पाळी त्याने रहाट जुंपायचा आणि पाणी घ्यायचं. एका वर्षी विहीर खाली गेली, पाळ्या लांबल्या. रेजिनामावशी म्हणजे आमची शेजारीण. तिच्या पाळीचं पाणी आमच्या बांधाजवळून जायचं. एका सकाळी कोणीतरी पाटाचा बांध फोडला आणि तिचं पाणी आमच्या केळीत शिरलं.

"तो चोर मी होतो," दयाराम माईकवर म्हणाला. "माझ्या बहिणीने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. नुसतं मारून थांबली नाही. रेजिनामावशीच्या झाडांना मला रोज कळशीने पाणी घालायला लावलं, आणि मग शाळा. खांदे सोलून निघाले. रहाटाच्या दांडीवर बसून मी पाढे पाठ केले. पण एक गोष्ट कायमची शिकलो. पाळी कोणाचीही असो, ती मोडायची नाही. आज आपली पोरं वर उभी आहेत, तीही अशीच."

टाळ्या! लोक मागे वळून मला बघायला लागले. एकाने तर येऊन माझे पाय धरले. मी हात जोडून बसले होते आणि आतून नुसती जळत होते. मेल्याने मला बोलायला जागाच ठेवली नव्हती. त्याला मी घडवलं म्हणे! घडवायचं काय त्यात? घरात खायला नव्हतं, आई दुःखाने खचली होती, मी चिडकी होते, हात उठला. एवढंच. आणि त्या थपडेची किंमत आता माझ्या स्वरूपने द्यायची?

सभेनंतर त्याच्या गाडीतून गिरीजच्या घरी गेलो. रहाट कधीच गेला, आता विहिरीवर पंप आहे. दयाराम ओट्यावर बसला, पाय लांब केले. जवळून फार म्हातारा दिसला. क्षणभर वाटलं, नकोच. मग विनिता आठवली.

"दया, स्वरूपला खाली आण," मी म्हटलं. "मला पाळीबिळी सांगू नकोस. मी म्हातारी आहे, मला तो हवा आहे."

मी भांडणाची पूर्ण तयारी करून आले होते. तो नाही म्हणेल, मी रडेन, आईचं नाव काढेन, शेवटी शिव्या घालेन. पण तो उठला, आत गेला आणि फोन फिरवायला लागला. मी त्याच्या मागोमाग.

"करतोयस?" मी विचारलं.

"करतो ना, बाय. तू कधी काही मागितलंस माझ्याकडे?"

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? झालाही. आणि त्याच वेळी मनात आलं, स्वरूप खाली आला की त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी चढवणार. कोणाला? त्याची आई कोण? मला नाव-गाव काही माहीत नाही, आणि ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणालं. माझा हात पुढे गेला आणि फोन दाबून बंद केला. मी नाही हो केला, हातानेच केला! अजून मला कळत नाही.

दयारामच्या हातात रिसीव्हर तसाच होता.

"पुन्हा लावू?" त्याने विचारलं.

"लाव," मी म्हटलं. मग म्हटलं, "नको." मग खाली बसून ओक्साबोक्शी रडले. "विनिताला काय सांगू रे मी? मी फोन तोडला म्हणून सांगू?"

"सांग, दया नाही म्हणाला," तो शांतपणे म्हणाला. "मला सवय आहे."

"कसली सवय?"

तो खिडकीतून विहिरीकडे बघत होता. "तो बांध मी नव्हता फोडला, बाय. आईने फोडला. केळी सुकताना तिला बघवेना. तू ओरडत आलीस, सगळी वाडी जमली होती, आणि आई कुदळ पाठीमागे लपवून उभी. मी म्हटलं, मी फोडला."

"आणि मी तुला..."

"तू जोरात मारलीस," तो हसला. "आई मग रोज माझ्या खांद्याला तेल लावायची आणि रडायची. तुला सांगते म्हणायची. मीच सांगू दिलं नाही."

ज्या थपडेने हा एवढा मोठा झाला असं सगळे म्हणतात, ती थप्पडच चुकीच्या गालावर पडली होती. मग हा शिकला काय, आणि शिकवलं कोणी? त्याच्या गालाला हात लावावासा वाटला, तेही जमलं नाही. त्याने ड्रायव्हरला हाक मारली आणि मला गाडीत बसवलं.

नायगावला विनिता दारातच उभी होती.

"काय म्हणाले मामा?"

वाटेत मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. मीच तोडला म्हणायचं, मग तिने मला मारलं तरी चालेल. तिचा चेहरा बघितला. उद्यापासून हिच्याबरोबर याच घरात राहायचं होतं, स्वरूप येईपर्यंत. येईल ना?

"नाही म्हणाला," मी म्हटलं.

विनिता खाली बसली. "दगड आहे तो माणूस," ती म्हणाली. "सख्ख्या बहिणीच्या नातवासाठी एक फोन नाही? आई, दगडच ना?"

मी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या.

"हो," मी म्हटलं.