सत्काराची झाडं

सुंदरराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, दूध संघाचे अध्यक्ष झाले त्याच दिवशी त्यांनी जाहीर करून टाकलं, "हार-शाली आणू नका. सत्कार करायचाच असंल तर रोप आणा." लोकांनी ते असं मनावर घेतलं, की बघता बघता नांदूरघाटातलं त्यांचं अंगण रोपवाटिकेसारखं दिसायला लागलं. कुणी मधुकामिनी आणली, कुणी क्रोटन, कुणी बोगनवेल. केजच्या एका व्यापाऱ्यानं तर दोघांनी मिळून उचलावा लागेल असा सायकस आणून ठेवला. तेव्हा झाडांकडं बघायला अण्णांना फुरसत नव्हती. पाणी घालायला गडी होता, आणि बैठकीला आलेली माणसं जाता जाता कुंडीतच चूळ भरत.

मग निवडणूक आली आणि गेली. अण्णा पडले. सुरुवातीला लोक दुखवट्याला यावेत तसे आले, हळूहळू तेही थांबले. गडी माजलगावला कारखान्यावर लागला. त्यांची बायको छबुबाई सुनेच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला मुलाकडं, रामकडं गेल्या आणि नातीत अशा गुंतल्या, की परत यायचं नावच काढीनात.

"तुमीच या इकडं," त्या फोनवर म्हणायच्या.

"आन् झाडं? वाळून जातील की."

"वाळू द्या. माणसं होती तवर माझी चहाची पातेली चुलीवरून उतरली न्हाईत. आता झाडं जपायची होय?"

फोन ठेवून अण्णा पाण्याचा पाइप उचलायचे.

नासधूस करत करतच ते शिकले. भर उन्हात पाणी घालून एक तगर घालवली. बोगनवेल कळ्या धरायच्या बेतात असताना छाटली आणि त्या साली एक फूल दिसलं नाही. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर चढतो, तो खरवडून काढायची सवय लागली. फायकसचा शेंडा मेंढ्या कातरायच्या कातरीनं असा गोल केला, की रस्त्यानं जाणारा थबकून बघायचा. थबकायचा, पण आत यायचा नाही.

प्रत्येक झाड कुणी दिलं ते अण्णांना पाठ होतं. म्हाळूची जास्वंद, अंजनाबाईंचा चाफा. फायकस बबनरावांचा. बबनराव दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. अण्णांच्या गाडीत शेजारची जागा कायम त्यांची असे. निकालानंतर पंधरवड्यात ते पलीकडच्या गोटात गेले आणि तेव्हापासून या गल्लीत फिरकले नव्हते.

त्या मार्चमध्ये एका सकाळी फाटकासमोर त्यांची मोटारसायकल थांबली. अण्णांच्या हातातली कातर खाली पडली. लगबगीनं आत जाऊन त्यांनी एकात एक घातलेल्या खुर्च्या ओढून सोडवल्या, गॅसवर आधण ठेवलं.

"बसा, बबनराव. लई दिसानं."

"बसत न्हाई, अण्णा. घाई हाय." बबनराव अंगणभर नजर फिरवत म्हणाले, "लई जपलंय हो तुमी."

"तुमचा फायकस बघितला का?"

"माझा?" बबनराव गोंधळले. "हां हां... माझाच की. मोठा झाला." त्यांना आठवत नव्हतं हे अण्णांना लगेच कळलं.

बबनराव म्हणाले, "आयतवारी केजला संघाच्या नव्या अध्यक्षांचा सत्कार हाय. स्टेजपुढं कुंड्या पायजेत. मंडपवाला प्लास्टिकची झाडं आणतो म्हणत होता. मी म्हणलं, कावून? आपल्या अण्णांकडं खरी हायत."

आत आधण उतू जाऊन गॅस फसफसला. अण्णा जागचे हलले नाहीत.

"न्या," ते शेवटी म्हणाले. "पण मी संगं येणार."

"तुमी?"

"उतरवताना फांद्या मोडतेत. कुणी तरी बघणारं पायजे."

बबनरावांनी मान खाली घातली. "मग पुढं खुर्ची ठेवायला सांगू का तुमाला?"

"नको. माझं मी बघतो."

रविवारी अजिनाथचा टेंपो आला. त्यानं पुढं बसायचा खूप आग्रह केला, पण अण्णा मागं कुंड्यांमध्येच बसले आणि केजपर्यंत फायकसचं खोड दोन्ही हातांनी धरून राहिले. मैदानावर त्यांनी स्वतः एकेक कुंडी लावून घेतली, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. गर्दी जमायला लागली तसे ते स्टेजच्या मागं गेले आणि जनरेटरजवळ उपड्या बादलीवर बसले.

ओळखीची माणसं त्या बाजूनं जात होती. "अण्णा, तुमी इथं?" असं म्हणून उत्तराला न थांबता पुढं सरकत होती. एकानं तर बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या मुलीच्या लग्नात अण्णांनी अक्षता पडेपर्यंत उभं राहून पाहुण्यांचं स्वागत केलं होतं.

भाषणं सुरू झाली. नवे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "ही समोरची झाडं बघा. किती सुंदर! ज्यांनी ही सजावट केली त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या पडल्या. कापडाच्या फटीतून अण्णांना दिसलं, बबनराव उठून उभे राहिले आणि त्यांनी चारी बाजूंना हात जोडले. टाळ्या वाढल्या. अण्णांचेही हात टाळ्या वाजवत होते. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी ते मांडीवर आवळून धरले.

मंडप रिकामा झाला. क्रोटनच्या कुंडीत कुणी उष्टी पत्रावळ कोंबली होती. मधुकामिनीची फुलं बायकांनी खुडून केसांत माळली होती. त्याचं मात्र अण्णांना वाईट वाटलं नाही. निदान कुणाला तरी वास आला असेल.

अजिनाथला दुसरं भाडं होतं. त्यानं घाईघाईनं सगळ्या कुंड्या घराच्या फाटकाबाहेर उतरवल्या. "उद्या सकाळी उचलायला माणसं धाडतो म्हणालेत बबनराव," असं सांगून तो गेला.

सकाळी अण्णांनी वाट बघितली. ऊन चढलं, फायकसची पानं मलूल व्हायला लागली, तरी कुणी आलं नाही. मग त्यांनी एक पोतं आणलं. कुंडी तिरकी करून खाली पोतं सारायचं आणि ओढायचं. दमलं की भिंतीला टेकायचं. सायकसला तर दुपार झाली. तो जागेवर गेला तेव्हा अण्णांना सरळ उभं राहता येईना. ते तसेच पायरीवर बसले.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. मागं नात रडत होती.

"काय म्हणत होता कार्यक्रम?" छबुबाईंनी विचारलं.

"झाला चांगला. झाडांचं लई कवतिक झालं."

"आन् एवढाल्या कुंड्या परत कुणी आणल्या आत? तुमी तर न्हाई ना उचलल्या?"

"छ्या! लोक आलते की. बबनराव होते, म्हाळू होता. चार-पाच माणसं होती."

छबुबाई हळूच म्हणाल्या, "चहा केलता का त्यायला?"

"केलता," अण्णा म्हणाले. "दोनदा केलता."