पिवळीनं खाणं सोडलं
"धर की नीट, निसटंल!" चनमल्लप्पा बायकोवर खेकसला. महानंदानं ओल्या फडक्यात पिवळी मासोळी धरली होती. मीठ-हळदीत बुडवलेली कापसाची वात हातात घेऊन तो मासोळीच्या फुगलेल्या गळ्याकडे बघत होता.

दहा दिवस पिवळी दाण्याला शिवली नव्हती. टाकला की तिच्या जोडीचा निळा दांडगोबा नर सगळा फस्त करायचा. ही आपली तोंड मिटून दगडाआड.

लिंगायताच्या घरात मासे कशाला, हे गल्लीचं कधीच विचारून झालं होतं. चनमल्लप्पा मिलमध्ये माग दुरुस्त करणारा माणूस. मासा त्याला फक्त बाजारातल्या वासावरून ठाऊक. पण आषाढात तान्ही लेक गेली आणि महानंदानं अन्न टाकलं. चतकोर भाकरी खायची, तीही तो हातापाया पडल्यावर. तेव्हा शेजारच्या इलाहीबक्षनं काचेची पेटी आणून दिली, आत ही आफ्रिकेतल्या तळ्यातली जोडी. जहाजावर भटारी होता तो, त्याला असले नाद. "तुमच्या आडाचं पाणी जड हाय, डाळबी शिजत न्हाय. ह्यांना तसलंच लागतंय," म्हणाला. महानंदा पेटीपुढं बसायला लागली. पिवळी खायची तेव्हा हीही दोन घास खायची. बुडत्याला काडीचा आधार!

आणि आता पिवळीनंच तोंड मिटलेलं. महानंदानं पुन्हा ताट सारलं. "ती बी चालली," एवढंच म्हणाली. चनमल्लप्पाची पाचावर धारण बसली. इलाहीबक्ष लेकीकडं वैरागला गेलेला, विचारायचं कुणाला? कुणाचा गळा सुजला की चनमल्लप्पाची आजी मीठ-हळदीचं बोट घशात फिरवून पडजीभ उचलायची. त्याला तेवढंच वैद्यक येत होतं.

त्यानं नखानं जबडा उघडला, वात आत सारली. पिवळी तडफडली आणि तिच्या तोंडातून फडक्यावर काहीतरी सांडलं, जिऱ्याच्या दाण्यांसारखं. त्याला वाटलं, घाण निघाली, आता बरी होईल. महानंदा खाली वाकली.

"अवो, डोळं हायती ह्यांना."

पंधरा-वीस पिल्लं होती.  पिवळीसकट फडकं त्यानं घाईनं पेटीत झटकलं. पिल्लं पाण्यात वळवळली, तोवर दगडामागून निळा आलाच. चनमल्लप्पानं कोपरापर्यंत हात घालून त्याला हुसकावलं, पण निळ्यानं एकेक करून सगळी टिपली. आई पोटची पोरं तोंडात सांभाळून उपाशी राहिली होती, आणि या शहाण्यानं तिला औषध पाजलं होतं.

"मला काय ठावं गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आपुन कदी मासं बगितल्यात व्हय?"



संध्याकाळी त्यानं सवयीनं चिमूटभर दाणा टाकला. पिवळी सरळ वर आली. निळ्याला ढुशी देऊन अधाशासारखी खात सुटली.

"खाती बग! पिवळी खाती!" तो हरखून ओरडला.

"खाणारच की," महानंदा म्हणाली. "तोंड रिकामं झालं न्हवं तिचं."

त्यानं ताट घेतलं, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तिच्या ओठांपाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. आमटी त्याच्या मनगटावरून ओघळली. तिच्या हनुवटीला बोट लावायलाही त्याचा हात धजेना.