डोळे फिरले की सर्र

प्रतिक्षा आसगावची. लाखांदूरच्या एका सेतू केंद्रात ती लोकांचे अर्ज भरून द्यायची. दिवसभर कागद बघायचा, मग स्क्रीन, परत कागद. एका दिवाळीनंतर तिच्या डाव्या कानात आवाज यायला लागला. डोळे उजवीकडे गेले की सर्र, डावीकडे आले की सर्र, ओल्या पाटीवरून फडकं फिरवावं तसा. नजर एका जागी ठेवली की बंद.

आधारचा नंबर वाचेपर्यंत तीनदा सर्र व्हायचं, आणि तेवढ्यात समोरच्याच्या बोलण्यातलं नेमकं एखादं अक्षर निसटायचं. एकदा मंगरू नावाच्या म्हाताऱ्याचं अर्जात मंगल झालं. लाडकी बहीण होऊन बसलो म्हणून त्याने साऱ्या रांगेसमोर तिला सुनावलं.

पवनीच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला. दुसऱ्यांनी थेंब दिले. भंडाऱ्याला ऐकण्याची तपासणी झाली, ती उत्तम निघाली. तिथले डॉक्टर म्हणाले, "डोळ्याला आवाज नसतो, ताई. टेन्शन घेऊ नका." मग तिला सोडून तिच्या आईला विचारलं, "लग्नाचं बघताय का कुठे?"

आई, पंचफुला, वाटेत म्हणाली, "मोबाईल कमी पाह जरा."

"आई, भिंतीकडं पाहिलं तरी आवाज येते."

"मंग भिंतीकडं कायले पाहतेस?"

धाकटा भाऊ अश्वजित त्याहून पुढचा. "बिजागरीले टाकतो तसं तेल टाक डोळ्यात," म्हणाला.

एका रविवारी प्रतिक्षाने त्याला समोर बसवलं. "माझे डोळे हलले की तू बोट वर कर. मले आवाज आला की मी करीन. मंग पाहू जुळते का."

बोटं बरोबर जुळली. अश्वजित म्हणाला, "तूच डोळे हलवतेस, तूच बोट वर करतेस. याच्यात काय सिद्ध झालं?"

"मंग माझे डोळे दुसरं कोन हलवन?"

तिने ताट आपटलं आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलली नाही.

शेवटी ती नागपूरला गेली. अश्वजित सोबत होता. तिथल्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. मध्ये न टोकता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कान तपासायचा एक धातूचा काटा वाजवून त्याचा दांडा प्रतिक्षाच्या पायाच्या घोट्याला टेकवला.

"काही जाणवतं?"

खरं सांगितलं तर इथेही टेन्शनच निघेल, असं प्रतिक्षाला वाटलं. मग हळूच म्हणाली, "डाव्या कानात ऐकू येते."

"येणारच," डॉक्टर म्हणाल्या.

स्कॅनमध्ये कारण दिसलं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. त्यातल्या एका नळीवरचं हाड झिजून बारीक भोक पडलं होतं. त्यामुळे शरीराच्या आतला बारीकसा आवाजही तिच्या मेंदूपर्यंत मोठा होऊन पोहोचत होता. डोळ्यांचं हलणंसुद्धा.

"तसं डोळे फिरले की कोणाच्याही कानाचा पडदा किंचित हलतो," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्याला ते कळत नाही, एवढंच. तुझा आजार वेगळा आहे, पण डोळ्याचा कानाशी संबंध नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस."

प्रतिक्षाला हायसं वाटायला हवं होतं. तिला रागच आला. एका काट्याचं काम होतं आणि तिचे चौदा महिने गेले होते.

परतीच्या एसटीत अश्वजित म्हणाला, "तू आधी नीट सांगाले पाहिजे होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सर्र झालं.

ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं. तोवर केंद्रात तिने एक नियम केला. ती कागद वाचत असताना कोणी बोललं की हात वर करायची. "थांबा. वाचणं होऊ द्या, मंग बोला." लोक कुरकुरायचे, बाई फार तोऱ्यात आहे म्हणायचे. ती कोणालाच काही समजावून सांगायची नाही.