रुद्राणीच्या दातातलं सिमेंट

मी रुद्राणीच्या पुढच्या दातात भरलेलं पांढरं सिमेंट बोलतंय. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान.

माझा जन्म विलायतेतल्या भट्टीत झाला. मी मुळात काचेची पूड; ती काच लवकर वितळावी म्हणून तिथं माझ्यात फ्लोराईडचा क्षार घातला होता. तो माझ्या अंगातून हळूहळू झिरपतो आणि भोवतीच्या दाताला कीड लागू देत नाही, हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना माझा फक्त रंग आवडायचा.

ही १९३० सालच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात भवानी पेठेत बसम्मा नावाची बाई चुरमुरे-बत्तासे विकायची. रुद्राणी तिची एकुलती एक लेक, दिवसभर दुकानात बसून बत्तासे चघळणारी. तिच्या पुढच्या दाताला काळं भोक पडलं, आणि पोरगी बघायला आलेली माणसं नाकं मुरडून परत जाऊ लागली. तेव्हा बसम्मा तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन आली.

डॉक्टरांनी कीड कोरून मला तिथं बसवलं. मग आत आरसा धरून म्हणाले, "बाई, मागची दाढ फार किडली आहे. तीही बघायला हवी."

"ऱ्हाऊ द्या की," बसम्मा म्हणाली. "मागचं कुणाला दिसतंय?"

रुद्राणीनं गुमान तोंड मिटलं.

लग्न झालं. होटगी स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला सिदू तिचा नवरा. माणूस भला. "तू हसलीस की लई बरं वाटतं बग," म्हणायचा, आणि ती तोंडाला पदर न लावता हसायची. मग मीही सुखावायचं. माझा दात मी राखला होता. पण त्या दाढेपर्यंत माझा हात पोचत नव्हता.

दाढ ठणकू लागली. रुद्राणी कधी लवंग धरायची, कधी मिसरी दाबायची. नव्या घरात रडगाणं कसं गायचं? सिदूनं विचारलं की म्हणायची, "काय न्हाय वो, उष्णता झालीया."

एके सकाळी गाल सुजला. संध्याकाळपर्यंत सूज गळ्यात उतरली. तिला थुंकीही गिळवेना. सिदूनं तिला उचलून गाडीत घातलं आणि सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, पण तिचा श्वास काही मोकळा झाला नाही, आणि रात्रीतच तो थांबला.

बसम्मा धावत आली. लेकीचे ओठ जरा उघडे होते, त्यांतून मी पांढरं दिसत होतं. "पोरी, तुजं दुखणं मी का गं बगितलं न्हाय?" म्हणून तिनं कपाळ बडवून घेतलं. सिदू पायाशी बसला होता. "मला येकदा तरी सांगायचं हुतंस," एवढंच तो पुटपुटत राहिला.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे रुद्राणीला बसवून मातीत पुरलं. तिच्याबरोबर मीही आलं. तो दात अजून शाबूत आहे, आणि त्याचा मला काडीचा आनंद नाही.

तुमच्या घरात कुणी गाल धरून गप्प बसलं असेल, तर 'काय न्हाय' ऐकून उठू नका. तिला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि अगदी आतपर्यंत बघा.