डाव्या चाकातला आतला पॅड

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक पॅड आहे. देवणी ते लातूर धावणाऱ्या व्हॅनच्या पुढच्या डाव्या चाकातला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती मी आतून आणि माझा जोडीदार बाहेरून घट्ट धरायचा. स्वतः झिजून माणसांना सुखरूप पोचवायचं, हेच आमचं काम.

मला बसवलं त्याच दिवशी माझं नशीब ठरलं. मडिवाळप्पा मिस्त्रींनी चाक खोललं आणि गाडीमालक मृत्युंजयसेठना म्हणाले, "मालक, क्लिपा गंजल्यात, पिनाबी जाम झाल्यात. पिना सरकल्या न्हाईत तर बाहेरचा पॅड लागायचाच न्हाई. समदा भार आतल्यावर येतो. उद्या सामान मागवतो."

"उद्या वऱ्हाड न्यायचंय. नुसते पॅड टाका."

मिस्त्रींनी नुसते पॅड टाकले.

जोडीदार बसून राहिला आणि मी एकटा झिजत गेलो. शेवटी ब्रेक दाबला की माझं लोखंड चकतीवर घासून किंचाळू लागलं. ड्रायव्हर भीमाशंकरने ते ऐकलं. "मालक, पुढून आवाज यायलाय. ब्रेक मारला की गाडी उजवीकडं वढती."

मालकांनी वाकून चाकाच्या फटीतून पाहिलं. त्यांना दिसला तो बाहेरचा जोडीदार, कोरा करकरीत. "पॅड तर लई जाड हाय की. काम करायचं न्हाई म्हण ना."

भीमाशंकरने गाडी काढली.

एका दुपारी रस्त्यात म्हैस आडवी आली. त्याने जोरात ब्रेक दाबला. उजवं चाक थांबलं, माझं थांबेना. गाडी उजवीकडे खेचली गेली आणि बाभळीवर आदळली. प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं. भीमाशंकरचा पाय गुडघ्यातून गेला.

"डुलकी लागली त्याला," मालकांनी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं.

गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या पार्वतीबाई म्हणाल्या, "न्हाई ओ. माझ्यासंगं बोलत हुता." म्हातारीचं कुणी मनावर घेतलं नाही.

मडिवाळप्पांनी मला काढून हातात उलटंसुलटं केलं. त्यांना सगळं कळलं. पण मृत्युंजयसेठच्या साऱ्या गाड्या त्यांच्याकडेच येतात. त्यांनी मला भंगाराच्या डब्यात टाकलं. नव्या पॅडना मात्र नव्या पिना, नव्या क्लिपा, वर ग्रीसही मिळालं. ड्रायव्हरही नवा आला.

काल भीमाशंकर कुबडी टेकत गॅरेजवर आला. त्याने मिस्त्रींना विचारलं, "मामा, मला खरंच डोळा लागला असंल का?"

मिस्त्री नट आवळत राहिले. "असंल, बाबा."

मित्रांनो, पॅड बदलाल तेव्हा पिना, क्लिपाही बदला. आणि गाडी चालवणारा आवाज येतो म्हणाला, तर आधी चाक खोला. बाहेरून पाहून माघारी फिरू नका. भीमाशंकर त्या दुपारी टक्क जागा होता, आणि आता हे त्याला स्वतःलाही खरं वाटत नाही.