गालावरचा ढग

छापखान्यात तिला सगळे खोडरबर मावशी म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट मनातल्या मनात ती फुशारायचीच. कामच तसं होतं. चित्रं स्कॅन होऊन तिच्या पडद्यावर यायची आणि कागदावरची धूळ, ब्रशचा सुटलेला केस, उडालेला पाण्याचा थेंब, जे जे नको ते ती माऊस फिरवून नाहीसं करायची. एकवीस वर्षं हेच. नव्या पोरांचं एक पान होईपर्यंत हिची चार व्हायची.

हा हात तिने घरीही आणला होता. लेकीला पाचव्या वर्षी कोड उठलं. आधी डाव्या गालावर, मग कोपरांवर. मलमं झाली, पथ्यं झाली, शेजारणींचे फुकटचे सल्ले झाले, डाग काही हटेनात. मग मावशीने ते आपल्याला जमेल तिथून हटवले. वाढदिवसाचे फोटो, शाळेचे फोटो, मावसबहिणीच्या लग्नातले फोटो, सगळे साफ. बाहेरच्या खोलीत मोठ्या चौकटीत एक बिनडागाची मुलगी हसत बसली होती. पाहुणे म्हणायचे, "किती गोड!" मग खरी मुलगी पाणी घेऊन आली, की ते पेल्यात बघायचे.

"आई, ही कोण गं?" लेकीने एकदा विचारलं होतं.

"वेडाबाई, तूच की!"

लेक दप्तर उचलून आत गेली. आईला वाटलं, पटलं. आयांना असं फार लवकर वाटतं.

शाळा सुटली की लेक छापखान्यात यायची आणि खिडकीजवळच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. तिथेच एका चित्रकार बाईंशी तिची गट्टी जमली. दोघींची खुसुरफुसुर चालायची आणि मावशी जवळ आली की दोघी चिडीचूप. "आमचं गुपित आहे," लेक म्हणायची. हल्ली ती आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहायची. मावशीला बरं वाटलं, पण खोदून विचारायला सवड कुणाला होती?

मग बाईंच्या नव्या पुस्तकाची चित्रं आली. छापखान्याची रीत अशी, की शब्द एका टेबलावर जायचे आणि चित्रं दुसऱ्या. मावशीकडे सोळा चित्रं आली, शब्द एकही नाही. दोन वेण्यांची सावळी मुलगी झोक्यावर, नळाखाली, कुत्र्यामागे. गालावर पांढरा डाग, कोपरांवर डाग. चहाच्या सुट्टीआधी मावशीने सोळाच्या सोळा चकाचक केली. बाई गावाला गेल्या होत्या, म्हणून तपासणीची पानं मालकांनीच चाळली. "पोरगी गोड दिसतेय हं," म्हणत सही ठोकली. मजकूर वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती.

पुस्तकं बांधून तयार झाली त्या दुपारी बाई एक प्रत घेऊन थेट मावशीच्या टेबलाशी आल्या. त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. "हा माझ्या गालावरचा ढग. तो कुठे जात नाही आणि मीही त्याला जा म्हणत नाही." मग पान तिच्यासमोर धरलं. "कुठाय ढग, मावशी?"

"मला वाटलं, पाणी उडालंय कागदावर."

"सोळाही पानांवर? एकाच गालावर?"

पाणी वाटलं नव्हतंच मावशीला. पहिल्याच चित्रात हात त्या गालाशी अडखळला होता, मग पुढे गेला होता, आणि गाल साफ झाल्यावर तिला चक्क हायसं वाटलं होतं. आता त्याचीच तिला किळस आली.

"तुमचीच लेक आहे हो ती," बाई म्हणाल्या. "मला बजावून सांगितलं होतं तिने. माझे डाग नीट काढा, आईला दाखवायचेत."

मालक केबिनमधून डोकावले. "झालं ते झालं. पुढच्या वेळी ती ढगाची वाक्यं गाळून टाकू, म्हणजे काही खटकणार नाही."

तेवढ्यात लेक धापा टाकत आली. "आलं? आलं पुस्तक?" बाईंच्या हातातली प्रत तिने ओढूनच घेतली. "आई, तू डोळे मीट आधी! मी म्हणेन तेव्हाच उघडायचे."

मावशीने डोळे मिटले. पानं भराभर उलटल्याचा आवाज आला. मग हळूहळू. मग आवाज थांबला.

"उघडू का गं?" तिने विचारलं.

"उघड."

लेक चित्रातल्या मुलीच्या गालावर बोट ठेवून उभी होती. "ही तर आपल्या भिंतीवरची," ती म्हणाली.

"बाळा, चुकलं माझं. मी परत काढून देते. रंग आणते, एकेका पानावर हाताने काढते."

लेकीने पुस्तक मिटलं, थप्पीवर ठेवलं आणि इतर प्रतींच्या कडेला कड जुळवली. छापखान्यातच वाढली होती, तिला ते येत होतं.

"नको," ती म्हणाली. "मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, पुस्तकात मी आहे म्हणून. उद्या सांगते, थाप मारली होती."

आणि गठ्ठ्यावर बसून तिने गणिताची वही उघडली.