लोखंडचोर लोलक

मी एक जुना काचेचा लोलक आहे, मित्रांनो. अल्माटीच्या वरच्या डोंगरातल्या वेधशाळेत मी आयुष्यभर ताऱ्यांच्या उजेडातले रंग वेगळे केले. त्या रंगीत पट्टीत बारीक काळ्या रेषा असतात. ताऱ्यात लोखंड जास्त, तर लोखंडाच्या रेषा ठळक.

तिथली तरुण संशोधक राउशान माझ्या जोरावर ताऱ्यांचा अभ्यास करायची. अभ्यास कसला, वेडच! आपली आकाशगंगा थाळीसारखी चपटी. तिच्या मध्याकडचे तारे आणि काठाकडचे तारे एकाच मातीचे का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. उत्तर निघाले, काठाकडे जावे तसे लोखंड कमी.

वेधशाळेचे प्रमुख बेकबोलात आगा चहा पिता पिता हसले.

"पोरी, मध्याकडचे तारे कधी पाहिलेस?"

"उन्हाळ्यात, आगा. तेव्हाच तर दिसतात."

"आणि काठाकडचे?"

"हिवाळ्यात."

"मग झालं तर! थंडीत तुझा हा म्हातारा लोलक आखडतो, रेषा पुसट होतात. तारे गरीब नाहीत गं, लोलक चोर आहे! काढून टाक त्याला. हे असलं काम मी पुढे पाठवणार नाही."

चोर! मला फार लागले. त्यातून थंडीने काच आकसते, हेही खोटे नाही. माझा मलाच भरवसा वाटेना.

चांदण्यात तारे फिके पडतात, म्हणून पौर्णिमेला आमच्याकडे सुट्टी. चंद्राला शिव्या घालत सगळे खाली बेशबारमाक खायला पळायचे. त्या जानेवारीत राउशान गेली नाही. दिवस मावळताच तिने दुर्बीण थेट चंद्राकडे वळवली.

"आता हे काय नवीन खूळ?" आगांनी हटकले.

"चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच ना, आगा? सूर्यातलं लोखंड काही थंडीत कमी होत नाही. जुलैत यंत्र जुळवताना घेतलेली चंद्राची पट्टी आहे माझ्याकडे. लोलक चोर असेल, तर आज इथंही चोरी करील. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

मला धडकी भरली. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. आगांनी भिंगातून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. रेषा तंतोतंत सारख्या होत्या.

"लोलक साव आहे बाई," ते हळूच म्हणाले. "म्हणजे काठ खरंच गरीब! पण का गं?"

"मध्याकडे जास्त तारे जन्मले आणि मेले, आगा. जाताना लोखंड मागे ठेवून गेले. नवे तारे त्यातूनच झाले."

आगांनी तिच्या ताऱ्यांच्या पट्ट्या चाळल्या आणि एकीवर बोट ठेवले. "आणि काठावरचा हा एकटाच तारा लोखंडाने एवढा श्रीमंत कसा?"

राउशानने पट्टी ओढून घेतली. "अगंबाई! हा मध्याकडून सरकत आला असेल का?"

दोघेही खुर्च्या ओढून बसले. मला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता नवी यंत्रे आली, मी कपाटात असतो. तक्रार नाही. पण मित्रांनो, जुन्या वस्तूवर आळ घेण्याआधी तिला एकदा चंद्र दाखवा.